संचिताचे पाच, बाईंचे तीन

प्रश्न १. कैद्याचं आजचं वय.

चौतीस. गुण शून्य.

या प्रश्नावरून कुणाचं कुणाशी कधी भांडण झालं नाही. शाळेचा दाखला बघायचा, वजाबाकी करायची, आकडा लिहायचा. दहाही प्रश्न इतके सरळ असते तर संचिताचा २००७ सालचा जानेवारी सुखात गेला असता, आणि ही गोष्ट सांगायची कुणाला गरजही पडली नसती.

तक्ता दहा प्रश्नांचा होता, आणि परदेशी होता. वर्षातले सहा महिने बर्फ पडतो अशा देशातल्या लोकांनी तो बेतला होता. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेल्या शेकडो पुरुषांचा त्यांनी वर्षानुवर्षं माग ठेवला. कोण पुन्हा तेच करतो, कोण करत नाही, हे टिपलं. आणि त्यातून दहा प्रश्न गाळून काढले. प्रत्येक उत्तराला शून्य किंवा एक. बेरीज दोनपर्यंत राहिली तर धोका कमी, तीन किंवा चार आली तर मध्यम, पाच आणि त्यापुढे जास्त. संचिताने तो एका परिषदेतून झेरॉक्स करून आणला होता आणि स्वतःच बसून मराठीत उतरवला होता. भाषांतर बरं जमलं होतं, असं तिला अजूनही वाटायचं.

ती मीरा रोडला शांती नगरात राहायची आणि आठवड्यातून दोन दिवस एका तुरुंगात मानसशास्त्रज्ञ म्हणून जायची. या खेपेला तिच्या पुढ्यात बाळा धर्माजीची फाइल होती. भाईंदर पश्चिमेला खाडीच्या अंगाला जी जुनी गावं आहेत, त्यांतल्या एका गावचा माणूस. घरचं पिढीजात मिठागर. १९९९ च्या मार्चमध्ये, मिठागराच्या बांधावरून घरी परतणाऱ्या गावातल्याच एकोणीस वर्षांच्या पार्वतीवर त्याने बलात्कार केला होता. कोर्टात ते सिद्ध झालं होतं. त्यानेही नाकारलं नव्हतं. दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली जवळजवळ आठ भोगून झाली होती, आणि उरलेली माफ करून त्याला सोडावं का, हे ठरवायला फेब्रुवारीत समिती बसणार होती.

समितीला संचिताकडून एक शब्द हवा होता. कमी, मध्यम किंवा जास्त. त्यासाठी नमुन्यात शेवटी काडेपेटीएवढी चौकट होती.

प्रश्न ९. मुलाखतीत पीडितेविषयी ध्यास दिसतो का?

(उरलेले प्रश्न गाळलेले नाहीत. चौथा पुढे येईल; बाकीच्यांवर वाद नव्हता म्हणून ते इथे नाहीत. त्या बाकीच्यांतून तीन गुण आले होते, आणि ते तीन कुणीही मोजले असते तरी तीनच आले असते.)

मुलाखतीच्या खोलीत पंखा होता, पण जानेवारी म्हणून बंद. बाळा खुर्चीच्या कडेवर बसला होता, उठायला सांगितलं तर वेळ लागू नये इतक्या कडेवर. आधी साधी चाचणी घ्यायची होती. संचिता वाक्य वाचणार, त्याने बरोबर की चूक ते सांगायचं.

"मी कधीच कुणावर रागावलो नाही."

"बरोबर लिवा."

"कधीच नाही?"

"आता तुमच्यासमोर बसून रागावतो म्हनून कसं सांगायचं, मॅडम? बरं दिसतं का ते?"

"मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही."

"बरोबर." मग तो जरा पुढे झुकला. "का हितं चूक लिवायचं असतं? तुमी सांगाल तसं लिवू."

अशी उत्तरं देणारा माणूस स्वतःला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतो, असं त्या चाचणीचं पुस्तक म्हणतं. जन्मभर सरकारी टेबलासमोर उभं राहून 'हो साहेब' म्हणत आलेला माणूसही हीच उत्तरं देतो, हे पुस्तकात नव्हतं. संचिताने समासात तेवढं टिपून ठेवलं आणि गुन्ह्याकडे वळली.

बाळा सरळ बसला. घसा साफ केला. "केलेल्या कृत्याचा मला मनापासून पश्चात्ताप होत आहे आणि भविष्यात असे कृत्य माझ्या हातून होणार नाही."

हे वाक्य तिने त्या बराकीतल्या सहा जणांकडून ऐकलं होतं. शब्दाला शब्द.

"कुणी शिकवलं?"

"गुरुजी हायत आमच्यात. खरेच गुरुजी होते भायेर." तो ओशाळला. "चुकलं का कुठं?"

"चुकलं नाही. पण ते गुरुजींचं झालं. तुमच्या शब्दांत सांगा."

तो बराच वेळ नखं बघत राहिला. दारावरच्या शिपायाने घड्याळाकडे पाहिलं, मग संचिताकडे. वेळ संपत आली होती. बाळाने मान वर न करताच विचारलं,

"ती अजून नळावर येते का?"

"कोण?" संचिताने विचारलं. कोण ते तिला समजलं होतं.

"पार्वती."

तेवढ्यात वेळ संपली. शिपाई त्याला घेऊन गेला. संचिताने ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं, खाली रेघ मारली. आठ वर्षांनी माणूस त्याच बाईचा ठावठिकाणा विचारतोय. प्रश्न नऊ. एक गुण.

चौथ्याचा एक धरून एकूण पाच. जास्त.

दुसरा हात

संचिताची एक रीत होती. प्रत्येक फाइल ती दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घ्यायची. नावावर कागद चिकटवायचा, स्वतःचे गुण सांगायचे नाहीत. हे दुसरं कुणी म्हणजे मनोरमाबाई. कॉलेजात त्यांनीच तिला शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन सिल्व्हर पार्कला एकट्या राहायच्या आणि मीरा रोडच्या भाजीवाल्यांशी रोज हिंदीत भांडायच्या. तुरुंगाच्या कागदावर दुसऱ्या परीक्षक म्हणून त्यांचं नाव रीतसर होतं, मानधन मात्र नव्हतं, आणि हे त्या अधूनमधून ऐकवायच्या.

त्या दिवशी त्यांनी मटार सोलत सोलत फाइल वाचली. सोललेले दाणे पातेल्यात, टरफलं फाइलवर.

"बाई, सरकारी कागद आहेत ते."

"मग मटार खाजगी आहेत. गप्प बस." शेवटचं पान उलटून त्यांनी चष्मा काढला. "तीन."

"माझे पाच."

"म्हणजे एकीला चष्मा बदलायला हवा. माझा परवाच बदललाय."

दोघींनी कागद शेजारी शेजारी ठेवले. फरक दोनच ठिकाणी होता. पहिला प्रश्न चारमध्ये: जोडीदारासोबत सलग दोन वर्षं एका घरात राहिला आहे का? राहिला असेल तर शून्य, नसेल तर एक. फाइलमध्ये लिहिलं होतं, 'विवाहित, चार वर्षे. वर्षातील आठ महिने घराबाहेर.'

"चार वर्षं लग्न झालेला माणूस दोन वर्षं राहिला नाही?" बाई म्हणाल्या.

"सलग नाही राहिला. प्रश्नात सलग आहे."

"आणि हा नऊ? याला एक दिलास तू?"

"आठ वर्षांनी तिच्याबद्दल विचारतोय, बाई."

"मग कुणाबद्दल विचारेल, माझ्याबद्दल?" बाईंनी एक शेंग हातातच ठेवली. "गुरुजींचं पाठांतर बाजूला ठेवलं तर अख्ख्या मुलाखतीत हे एकच वाक्य त्याचं स्वतःचं आहे. आपल्यापायी एका बाईचं पाण्याला जाणंसुद्धा सुटलं का, हे विचारतोय तो."

"किंवा ती सापडेल कुठे, ते विचारतोय."

"किंवा तेही."

एकच वाक्य, दोन शिकलेल्या बायका, दोन उत्तरं. वर्गात बाई हेच शिकवायच्या: दोन हातांनी मोजून वेगवेगळं येत असेल तर आधी माप तपासा. संचिताने फळ्यावरचं ते वाक्य वहीत उतरवून घेतल्याचंही तिला आठवत होतं.

"गेल्या तीन वर्षांत किती रिपोर्ट दिलेस?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"त्यात 'कमी' किती?"

संचिताने कागदांवरची टरफलं झटकली.

"मीच मोजलेत तुझ्याबरोबर, विसरलीस? एकही नाही. तुझे अकराही 'जास्त'. माझे अकरांतले चार कमी होते. तुझा एकही नाही."

२००३ साली संचिताने एका माणसाला 'कमी' लिहिलं होतं. तो सुटला आणि चौथ्या महिन्यात त्याने तेच केलं. तुरुंगाचे उपअधीक्षक महिपत यांनी तिला फोन करून कळवलं होतं. ओरडले नाहीत, उलट 'मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका' म्हणाले होते. तिने लावून घेतलं. त्या मुलीचं नाव तिने कुणाला कधी सांगितलं नाही, पण तेव्हापासून शून्य लिहिताना तिचा हात जड व्हायचा.

"तुला एकाचा फोन आला," बाईंचा आवाज आता खाली आला होता. "अकराजण आत राहिले. त्यातले किती बाहेर येऊन गपगुमान जगले असते, त्यांचा फोन कोण करणार तुला? ती चूक कधी दिसतच नाही, म्हणून ती चूक नाही असं थोडंच आहे?"

"ती चूक झाली तर कुणावर बलात्कार होत नाही, बाई."

बाईंनी हातातली शेंग सोलली. एक दाणा किडका निघाला, तो वेगळा ठेवला.

"नवाचं आपण भांडत राहू. चाराचं तरी बघून ये. मिठागर इथून रिक्षेच्या अंतरावर आहे आणि तू बर्फातल्या लोकांना विचारत बसलीयेस."

प्रश्न ४, पुन्हा

बाळाची बायको आशा त्याच घरात राहत होती. एकटी. सासू-सासरे या आठ वर्षांत मागोमाग गेले. तुरुंगाचं पत्र दाखवल्यावर तिने संचिताला ओटीवर बसायला पाट दिला आणि स्वतः वाल निवडायला बसली. समोर गल्ली, गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ, आणि घरांच्या मागे, नव्या इमारतींच्या फटीतून दिसणारे मिठाचे पांढरे ढीग.

"मी त्याची बायको हाय," आशा आधीच म्हणाली. "मी चांगलं बोल्ले तरी धरू नका, वाईट बोल्ले तरी धरू नका. दुसरं काय विचारायचं ते विचारा."

"तुम्ही दोघं सलग दोन वर्षं एकत्र राहिलात का?"

"सलग म्हंजे?"

"मध्ये खंड न पडता."

आशाचे हात थांबले. मग ती हसली, आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटल्यासारखा तिने पदर तोंडाला लावला.

"अवो मॅडम, दसऱ्याला पुरुष आगरावर जायाचं, मिरगाला घरी यायाचं. खाडीचं पानी भरतीला आत घ्यावं लागतं, बांधाची दारं सांभाळावी लागतात. बांधावर खोपी, तितंच जेवन, तितंच झोपनं. माज्या सासऱ्याचा संसार एकोनसाठ वर्सांचा. सलग दोन वर्सं त्यो बी घरात न्हवता. मंग त्यालाबी घालायचं व्हतं काय आत?"

तिने वालाच्या दाण्यांनी गल्लीतली घरं मोजली. "ह्यो धाकूदादा. ह्यो लवूमामा. ह्ये त्याचे तीन भाव. सगळ्यांना एक-एक नंबर लावा तुमचा."

संचिताने त्या दाण्यांकडे पाहिलं. बर्फातल्या देशात या प्रश्नाला अर्थ होता: दोन वर्षंसुद्धा जो कुणाबरोबर एका छपराखाली राहू शकला नाही, त्याच्यात काहीतरी तुटलेलं असण्याची शक्यता जास्त. तिथे तो माणसाला मोजत होता. इथे तो भरती-ओहोटी मोजत होता. अख्खं गाव त्यात नापास झालं असतं, आणि तिने तो प्रश्न मन लावून, एकही शब्द न चुकवता मराठीत उतरवला होता.

तिने चाराचा एक खोडला.

"सुटला तर इथेच येतील का ते?"

"हितं नको." आशा पटकन म्हणाली. "उत्तनजवळ पालीला ननंद हाय, तिकडं राहू दे. मी ऱ्हाईन हितंच." ती पुन्हा वाल निवडू लागली. थोड्या वेळाने आपण होऊन बोलली. "त्या नळावर माजी वेळ सातची. तिची साडेसातची. आठ वर्सं झाली. कोनी ठरवलं न्हाय, आपोआप झालं. बोलत न्हाय आमी. बोलायचं काय? पन मागं मी तापानं पडलेली, चार दिस उठले न्हाय. तर रोज सकाळी माजी कळशी भरून दारात ठेवलेली असायची."

म्हणजे ती येते. बाळाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर संचिताला असं मिळालं, आणि ते त्याला सांगावं की सांगू नये, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

प्रश्न ११. (हा तक्त्यात नाही.)

ती नाक्यावर रिक्षाची वाट बघत होती. एक बाई हातात डबा घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. साडीवर आणि हातांवर स्टीलच्या चुऱ्याची चमक होती. ज्या हातांत दिवसभर भांडी असतात त्यांना तशी चमक असते. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यांत आणि दुकानांत त्या हातांना तोटा नाही.

"तुमीच का त्या तुरुंगातल्या मॅडम?"

ही पार्वती, हे संचिताला कळलं. तिच्या कामाचा नियम होता: पीडितेशी आपण होऊन संपर्क करायचा नाही, केसबद्दल बोलायचं नाही.

"मी तुम्हाला काही सांगू शकत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही सांगता येत."

"सांगू नका. ऐकता तर येतं ना?"

एक रिक्षा आली. संचिताने तिला हातानेच नको म्हटलं.

"तो नळावर यायचा," पार्वती म्हणाली. ती रस्त्याकडे बघत बोलत होती, बसचीच वाट बघतेय अशी. "कळशी न घेता. आगरावरनं मुद्दाम यायचा, उभा ऱ्हायचा, जायाचा. दोन म्हयने. मी आशावयनीला बोल्ले. पाटलाला बोल्ले. बापाला बोल्ले, बाबा, ह्यो कायतरी करनार हाय. बापूस काय बोल्ला? गाववाला हाय आपला, उगा कायतरी डोक्यात घेऊ नको." तिने डबा दुसऱ्या हातात घेतला. "कनच्या कागदात लिवलंय ते?"

संचिताने फाइल तीनदा वाचली होती. पंचनामा, जबाब, वैद्यकीय तपासणी, निकाल. "कुठल्याच नाही."

"कोर्टात विचारलंच न्हाय. त्यांनी त्या एका दिसाचं विचारलं. गल्लीत बोलतात, तुमी मानसांना नंबर लावता. मी तवा त्याला नंबर दिलेला, मॅडम. दहातले दहा. दोन म्हयने आदी. माजं बरोबर आलं." ती हसली नाही. "तुमच्या लोकांचं किती बरोबर येतं?"

"दहातलं सात," संचिता म्हणाली. "फार तर."

खोटं बोलता आलं असतं. पार्वतीने मान हलवली, दुकानदाराने खरा भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी.

"सोडा, नायतर ठेवा. ते तुमचं. माजं एकच हाय. सोडनार असाल तर कनच्या दिसी, किती वाजता, कुठं जानार, ते मना आदी कळवा. पुन्हा तो मना नळावर अचानक दिसाया नको."

पुन्हा बेरीज

संचिता परस्पर सिल्व्हर पार्कला गेली आणि बाईंना सगळं सांगितलं. मटार या खेपेला नव्हते. बाई ऐकत राहिल्या.

"मला हे माहीत नव्हतं," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन महिने नळावर उभा असायचा, म्हणजे 'नळावर येते का' हे वाक्य काही साधं नाही. माझा नवाला एक. माझे झाले चार."

"आणि मी नवाचा एक काढायला आले होते."

"का म्हणून?"

"ती कळशी, बाई. बायकोच्या दारातली. एका नळावर दोन बायका आठ वर्षं वेळ पाळतात, ते सगळं त्याच्यामुळे. आत बसून त्याला नळच आठवत असेल तर तो कशासाठी, ते मला खरंच सांगता येत नाही. जे सांगता येत नाही त्याचा गुण कसा लावू? चाराचा एक गेला, नवाचाही गेला. माझे तीन."

बाईंनाच आधी हसू फुटलं.

"म्हणजे तू माझ्या जागी आणि मी तुझ्या. शास्त्र म्हणायचं की फुगडी?"

पण एक गोष्ट झाली होती. तीन काय आणि चार काय, दोन्ही मध्यमच. 'जास्त' लिहिलं तर बाळा आत राहणार, फोन येणार नाही, हात जड होणार नाही. 'मध्यम' लिहिलं तर समिती बहुतेक सोडणार, आणि त्यानंतर घरातला फोन वाजेल तेव्हा प्रत्येक वेळी तो तिला महिपतांचाच वाटणार. कागदावर 'जास्त' उरलं नव्हतं. ते फक्त तिच्या हातात उरलं होतं, २००३ पासूनचं.

तिने त्या काडेपेटीएवढ्या चौकटीत लिहिलं: 'मध्यम. पुरवणी वाचल्याशिवाय हा शब्द ग्राह्य धरू नये.' अक्षर बारीक करूनही शेवटचे दोन शब्द रेघेबाहेर गेले.

पुरवणी दोन पानांची होती. दोन परीक्षकांचे गुण आधी काय होते, नंतर काय झाले, आणि का. प्रश्न चार या भागातल्या मिठागरी गावांना का लागू नाही. कैद्याचं नळाबद्दलचं वाक्य, जसंच्या तसं, आणि त्याचे दोन्ही अर्थ. या तक्त्याचे अंदाज इथल्या लोकांवर कुणी तपासलेले नाहीत, ही कबुली. आणि मग:

'गुन्ह्याच्या दोन महिने आधी एका व्यक्तीने हा धोका अचूक ओळखला होता व तीन जणांना सांगितला होता. तिला कुणी विचारलं नाही. सुटकेचा निर्णय झाल्यास दिनांक, वेळ व ठिकाण तिला आधी कळवावे. कैद्याने गावी न राहता पाली येथे बहिणीकडे राहावे.'

महिपतसाहेबांनी कागद हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. "मॅडम, एक शब्द मागितला होता. तुम्ही निबंध दिलात."

"एका शब्दात मावलं नाही."

"चौकटीबाहेर गेलंय."

"चौकट मोठी छापा."

महिपतांनी डोळे मिटून घेतले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना चौकट मोठी छापायला कुणी सांगितलं नव्हतं. पण कागद त्यांनी परत केला नाही.

नमुना उपलब्ध नाही

समितीने पुरवणी वाचली की नाही, ते कधीच कळलं नाही. पण पालीची अट निर्णयात जशीच्या तशी आली, म्हणजे कुणीतरी निदान शेवटचं वाक्य वाचलं असावं. सुटका सात मे, सोमवार, सकाळी दहा.

"आणि तिला कळवायचं पत्र?" संचिताने फोनवर विचारलं.

"असं पत्र पाठवायचा नमुनाच नाही आमच्याकडे," महिपत म्हणाले. "पोलीस ठाण्याला जातं. बहिणीला जातं. हिला कुठल्या कलमाखाली पाठवू?" मग ते हळू आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला तारीख सांगितलीये ना? बास. पुढे तुम्ही कुणाला काय सांगता, ते मी ऐकलेलं नाही."

पार्वती भांड्यांच्या दुकानात नावं घालायचं काम करायची. टोचणीसारखं सुईचं यंत्र, खाली लग्नाच्या आहेराची ताटं. टिंबाटिंबांनी कुणाच्या तरी मामाचं नाव उमटत होतं. संचिताला बघून तिने यंत्र बंद केलं.

संचिताने तारीख, वेळ, ठिकाण सांगितलं. बाकी काही नाही.

"पाली," पार्वती म्हणाली. "म्हंजे उत्तनची बस."

"हो."

"ती आमच्याच नाक्यावरनं जाते, मॅडम."

संचिताच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दोन पानं लिहिली, समितीपुढे गेली, साहेबांची सही झाली. आणि भाईंदर स्टेशनवरून पालीला जाणारी बस त्याच गावच्या नाक्यावर थांबते, हे त्या कागदावरच्या एकालाही सुचलं नव्हतं.

"मी बघते काही… दुसरी गाडी सांगता येईल…"

"नको." पार्वतीने ताटावर बोट फिरवलं. "दहाला सुटला तर भाईंदरला यायला बारा. साडेबाराची बस. मी घरात बसून ऱ्हानार न्हाय. नाक्यावर जाईन. तो उतरतो का न्हाय ते मना माज्या डोळ्यांनी बघायचंय." मग पहिल्यांदाच तिने संचिताच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमाला काय वाटतं? करील का परत?"

"माहीत नाही."

"मंग ठीक. माहीत हाय बोल्ल्या असत्या तर मी तुमाला येऊ नका बोल्ले असते. येता?"

प्रश्न ११, उत्तर

सात मेच्या दुपारी नाक्यावर सावली पुरणार नव्हती म्हणून संचिताने छत्री नेली होती. पार्वतीने ती घेतली नाही. गल्लीच्या तोंडाशी नळापाशी आशा उभी होती, रिकामी कळशी घेऊन. ती तिची वेळ नव्हती. नळाला त्या वेळेला पाणीही नव्हतं. पार्वतीने तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि दोघींपैकी एकही हलली नाही.

बस पंचवीस मिनिटं उशिरा आली. थांबली. एक म्हातारा उतरला, मग दोन कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन, मग त्यांच्या टोपल्यांवरून कंडक्टरचं ओरडणं.

बाळा तिसऱ्या खिडकीत होता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्याने नाका पाहिला, पार्वतीला पाहिलं. संचिताला ते स्पष्ट दिसलं. त्याने मान खाली घातली की पुढे वळवली, हे मात्र नंतर कितीही आठवलं तरी तिला नक्की सांगता आलं नाही. तो उठला नाही.

घंटी वाजली. बस उत्तनच्या दिशेने वळणाआड गेली, आणि तिच्यामागची धूळ खाली बसेपर्यंत पार्वती तिथेच उभी होती. मग तिने पदराने मान पुसली आणि संचिताच्या हातातली छत्री घेतली.

"आजचं शून्य लिवा, मॅडम," ती म्हणाली. "आजचं."